टायलर, मिनेसोटा : रुळांलगत वसलेल्या एका डॅनिश गावाचा इतिहास

उत्तररंग :

मिनेसोटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, लिंकन काउंटीमध्ये, टायलर नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम अकराशेची. मिनियापोलिसहून गाडीने निघाले की सुमारे तीन तास लागतात आणि त्यातला शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन यांखेरीज फारसे काही दिसत नाही. गेल्या काही वर्षांत या गावी माझे तीन-चार वेळा जाणे झाले आणि दर वेळी त्याच्या इतिहासात मी अधिकच गुंतत गेले, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची गोष्ट आपण बहुधा न्यूयॉर्कच्या बंदरापाशी आणून थांबवतो. बंदरावर उतरलेली माणसे पुढे कुठे गेली, नेमकी तिथेच का गेली आणि त्यांना तिथवर कोणी नेले, हे समजून घ्यायचे तर टायलरसारख्या गावातच जावे लागते.

हे गाव आधी रेल्वेचे होते, डॅनिश लोकांचे ते नंतर झाले. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने १८७९ साली ट्रेसी या ठिकाणाहून पश्चिमेला डकोटाच्या दिशेने नवा मार्ग टाकायला घेतला आणि त्या मार्गावर बॅलटन, टायलर, लेक बेंटन अशी ठाणी एकामागून एक आखली गेली. त्या काळी माळरानावरची रेल्वेची गावे साधारण एकाच साच्यातून निघत. घोडागाडीत गहू भरून शेतकऱ्याने सकाळी निघावे, माल विकून, सामान घेऊन दिवस मावळायच्या आत घरी परतावे, इतपत अंतरावर एकेक स्थानक असे. रुळांना लागून धान्याची उंच कोठारे, ज्यांना तिकडे एलेव्हेटर म्हणतात, ती उभी राहत, आणि रुळांना काटकोनात मुख्य बाजारपेठेचा रस्ता निघे. आजही टायलरमध्ये शिरताना सर्वांत आधी नजरेत भरते ते एलेव्हेटरच, आणि गावाची आखणी समजायला नकाशा लागत नाही.

रेल्वे आली म्हणून वस्ती लगेच भरली असे मात्र झाले नाही. १८७३ ते १८७७ या काळात टोळधाडींनी नैर्ऋत्य मिनेसोटातली पिके वर्षामागून वर्ष फस्त केली होती आणि ती आठवण लोकांच्या मनात ताजी होती. त्यापाठोपाठ १८८०-८१ चा हिवाळा आला. या मार्गावर बर्फ इतका साचला की पश्चिमेकडच्या गावांना कित्येक आठवडे गाडीचे दर्शन झाले नाही. त्या हिवाळ्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मार्च १८८१ च्या अखेरीस दक्षिण मिनेसोटात काढलेल्या त्या चित्रात बर्फ खणून काढलेल्या खिंडीत इंजिन अडकलेले आहे आणि बर्फाच्या भिंतीची उंची इंजिनाच्या धुराड्याहूनही अधिक आहे. ज्या मुलखाची अशी ख्याती झाली होती तिथे जमीन विकायची तर कंपनीला गिऱ्हाईक शोधत फिरणे भाग होते.

नेमक्या याच सुमारास डॅनिश इव्हँजेलिकल लुथेरन चर्च आपल्या लोकांसाठी जमीन शोधत होते. डॅनिश स्थलांतरित संख्येने थोडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सत्तर वर्षांत डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्यांचा आकडा सुमारे ३ लाख सांगितला जातो, तर नॉर्वेजियन आणि स्वीडिश लोक याच्या कितीतरी पट आले. संख्या थोडी, त्यात पांगापांग झालेली, त्यामुळे एका पिढीत भाषा जाईल, चर्च ओस पडेल, ही भीती त्यांच्या पाद्र्यांना सतत वाटत असे. १८८५ साली चर्चच्या समितीने रेल्वेकडून लिंकन काउंटीतल्या सुमारे ३५,००० एकर जमिनीबाबत एक करार मिळवला. तीन वर्षे ही जमीन केवळ डॅनिश लोकांनाच विकायची, असे त्यात ठरले. चर्चने खिशातून जमीन विकत घेतली नाही आणि कंपनीनेही कोणावर उपकार केले नाहीत. कंपनीला पुढे वर्षानुवर्षे गहू आणि गुरे पाठवणारे शेतकरी हवे होते, आणि चर्चला आपली माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवी होती. माझ्या मते टायलरच्या इतिहासाची किल्ली या एका करारात आहे, कारण गाव कुठे असावे हे रेल्वेने ठरवले असले तरी त्यात कोण राहावे हे या कराराने ठरवले.

टायलर हे नाव इंग्रजी. नव्या वसाहतीचे आणि तिच्या चर्चचे नाव मात्र लोकांनी स्वतः निवडले : डानेबोद. डेन्मार्कचा प्राचीन राजा गोर्म याची राणी त्युरा हिला हे बिरुद लावले जाते आणि परंपरेने त्याचा अर्थ डॅनिश लोकांना सावरणारी, त्यांची मोडलेली घडी पुन्हा बसवणारी असा सांगतात. दक्षिण सीमेवरचा संरक्षक तट तिने बांधून घेतला अशी आख्यायिका आहे. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्ककडून स्लेस्विग प्रांत हिरावून घेतल्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, हजारो मैलांवरच्या माळावर, ही माणसे हे नाव निवडतात, यात त्यांच्या मनातली जखम मला स्पष्ट दिसते.

झाडे नसलेल्या त्या मुलखात दगड मात्र मुबलक होते. हिमनद्यांनी मागे टाकलेले गोटे नांगराला लागत, ते वेचून बांधावर टाकावे लागत. त्याच दगडांतून १८८९ साली डानेबोदचे दगडी सभागृह उभे राहिले. चर्चची इमारत झाली नव्हती तोवर प्रार्थना, सभा, गाणी सगळे तिथेच होत असे. मी त्या भिंतीवर तळहात ठेवून पाहिला आहे. दगड घडवलेले नाहीत, जसे शेतातून आले तसे बसवलेले आहेत, आणि दोन गोट्यांमधला चुना हाताला कोरडा खरखरीत लागतो. चर्चचे बांधकाम १८९३ ते १८९५ या काळात झाले. त्याआधीच, म्हणजे १८८८ मध्ये, इथे लोकशाळा सुरू झालेली होती. आधी शाळा, मग चर्चची इमारत, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

ही लोकशाळा म्हणजे मुलांची शाळा नव्हे. डॅनिश धर्मचिंतक आणि कवी ग्रुंटविग (१७८३ ते १८७२) यांच्या विचारांतून डेन्मार्कमध्ये १८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनी काही महिने एकत्र राहावे, इतिहास, साहित्य, गायन आणि कवायत शिकावी, शिक्षकाच्या तोंडून जिवंत शब्द ऐकावा, आणि परीक्षा किंवा पदवी यांचा विचारही करू नये, अशी ती कल्पना होती. अमेरिकेत अशी पहिली शाळा आयोवातल्या एल्क हॉर्न येथे १८७८ साली निघाली, आणि नंतरच्या काही मोजक्या शाळांत डानेबोदची गणना होते. १९०४ साली तिथे व्यायामासाठी स्वतंत्र सभागृह बांधले गेले. शाळेची आजची इमारत १९१७ सालची आहे.

त्यानंतरच्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९१८ च्या रात्री, टायलरच्या बाजारपेठेवरून चक्रीवादळ गेले. छत्तीस माणसे दगावली. एवढ्याशा गावात छत्तीस, म्हणजे ज्याच्या ओळखीतले कोणी गेले नाही असे घर उरले नसणार. गाव पुन्हा त्याच जागी, त्याच रुळांलगत बांधले गेले.

आणखी माहिती कोणाकडे असल्यास जरूर भर घालावी.

आगगाडी :

लेख अतिशय आवडला. एक शंका आहे. एखाद्या रेल्वे कंपनीकडे एका काउंटीत पस्तीस हजार एकर विकाऊ जमीन असते, हे आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपल्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीला रुळांपुरती जमीन फुकट आणि गुंतवणुकीवर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. जमिनी विकण्याचा व्यवसाय तिने केल्याचे माझ्या वाचनात नाही. अमेरिकेत हे कसे घडले, ते सांगाल का?

उत्तररंग :

तुम्ही दिलेली तुलना नेमकी आहे, आगगाडी. इकडे सरकारजवळ रोख पैसा कमी आणि जमीन अफाट होती, म्हणून व्याजाच्या हमीऐवजी जमीनच देण्याची पद्धत पडली. सगळा मुलूख एकेक मैल लांबीरुंदीच्या चौकोनांत मोजलेला असे. असा एक चौकोन म्हणजे ६४० एकर. रुळांच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या अंतरापर्यंतचे विषम क्रमांकाचे चौकोन कंपनीला मिळत आणि सम क्रमांकाचे सरकार स्वतःकडे ठेवी, त्यामुळे जमिनीचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसे. सरकारी चौकोनांत १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जवळजवळ फुकट मिळू शकत होते, मात्र तिथे पाच वर्षे राहून जमीन कसावी लागे. मग लोकांनी कंपनीची जमीन पैसे मोजून का घ्यावी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फुकटची जमीन जिथे शिल्लक असेल तिथे एकेकट्याने घ्यावी लागे. शंभर कुटुंबांना एका ठिकाणी, स्थानकाजवळ, सलग अशी जमीन हवी असेल तर कंपनीकडेच जावे लागे. डॅनिश लोकांनी जास्तीचे पैसे मोजले ते शेजाऱ्यांसाठी मोजले, असे मी म्हणेन.

देवकी_स :

माहिती उत्तम आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली असे वाटते. सरकारने कंपनीला दिलेली ही जमीन सरकारकडे आली कुठून? तिथे आधी राहणाऱ्या लोकांचा उल्लेख लेखात हवा होता.

उत्तररंग :

तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, देवकीताई, आणि हा उल्लेख मूळ लेखातच यायला हवा होता. हा डकोटा लोकांचा प्रदेश. १८५१ च्या करारांनी दक्षिण मिनेसोटाचा बहुतांश भाग त्यांच्याकडून घेतला गेला आणि त्यांना मिनेसोटा नदीकाठच्या एका अरुंद पट्ट्यात ठेवण्यात आले. ठरलेला पैसा आणि धान्य वेळेवर न पोहोचल्याने उपासमार झाली, १८६२ साली युद्ध पेटले, त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला मॅनकेटो येथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि पुढच्या वर्षी डकोटांना राज्याबाहेर घालवण्यात आले. म्हणजे टायलरचा करार झाला तेव्हा या घटनेला अवघी बावीस-तेवीस वर्षे लोटली होती. स्लेस्विग गमावल्याचे दुःख उराशी घेऊन आलेली माणसे ज्या जमिनीवर घरे बांधत होती, ती दुसऱ्या कोणाची तरी नुकतीच गमावलेली भूमी होती. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

पश्चिमवारा :

मी आयोवात राहतो, त्यामुळे एल्क हॉर्नविषयी थोडी भर घालतो. तिथे टायलरच्या उलट क्रम घडला. डॅनिश वस्ती आणि लोकशाळा आधी होती, रेल्वे मात्र अनेक मैल दूर अटलांटिक या गावावरून जात होती. शेवटी १९०७ साली स्थानिक लोकांनी स्वतःच पैसा उभा करून अटलांटिकपासून एल्क हॉर्न आणि किम्बॉलटनपर्यंत छोटा लोहमार्ग आणला. मोटारी आणि डांबरी रस्ते आल्यावर तो तग धरू शकला नाही आणि १९३० च्या दशकात उखडला गेला. रूळ गेले तरी गाव डॅनिश राहिले. १९७६ साली गावकऱ्यांनी डेन्मार्कमधल्या नोरे स्नेडे येथील १८४८ सालची पवनचक्की सुटी करून, तुकड्यांवर क्रमांक घालून, जहाजाने आणून एल्क हॉर्नमध्ये पुन्हा उभी केली. तिचे पाते वाऱ्यावर फिरताना मी पाहिले आहे.

एक कटू आठवणही इथे नोंदवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढून शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, दूरध्वनीवर आणि चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा बोलायला मनाई केली. रोख जर्मन भाषेवर होता, पण डॅनिश, नॉर्वेजियन, चेक, डच अशा सर्वांनाच त्याची झळ लागली. ज्यांची सख्खी नातेवाईक मंडळी प्रशियाच्या अमलाखाली डॅनिश भाषेसाठी झगडत होती, त्यांच्या देशनिष्ठेवर भाषेवरून शंका घेतली गेली. डिसेंबरमध्ये तो जाहीरनामा मागे घेण्यात आला, पण तोवर अनेक म्हाताऱ्या माणसांनी चर्चला जाणे सोडले असेल, कारण त्यांना इंग्रजी प्रवचन कळतच नसे.

मोगरा_२ :

टायलरमध्ये आज कोणी डॅनिश बोलते का? आणि तिथे डॅनिश म्हणून नेमके काय उरले आहे?

उत्तररंग :

घरात रोज डॅनिश बोलणारे कुटुंब मला तिथे भेटले नाही. भाषा हळूहळू गेली. मुले इंग्रजी शाळांत शिकली, प्रार्थना इंग्रजीत होऊ लागली, आणि लोकशाळेत राहायला येणाऱ्या तरुणांची संख्या घटत जाऊन ती बंद पडली. ज्या भीतीपोटी १८८५ चा करार झाला ती भीती भाषेपुरती खरी ठरली. परंतु १९४० च्या दशकात डानेबोदचे पाद्री एनोक मॉर्टेनसन यांनी शाळेची पडीक इमारत दुरुस्त करून घेतली आणि तिथे कुटुंबांसाठी उन्हाळी शिबिरे सुरू केली. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी काही दिवस एकत्र राहायचे, सकाळी व्याख्यान ऐकायचे, दुपारी हस्तकला करायची, रात्री सभागृहात लोकनृत्ये करायची, आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर गायचे. परीक्षा नसलेली ही शाळा इंग्रजी भाषेतून पुढे चालू राहिली.

उन्हाळ्यात गावात एब्लस्कीवरचा उत्सव भरतो. हा पदार्थ पाहताच माझ्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर आपले अप्पेपात्र!" आणि खरोखरच बिडाचे, गोल खळग्यांचे तेच भांडे समोर होते. मैदा, ताक, अंडी आणि कधी वेलदोड्याची पूड घातलेले पीठ खळग्यात ओततात. कडा धरू लागली की विणायच्या सुईचे टोक खळग्याच्या काठाशी खुपसून गोळा पाव वळसा फिरवतात, मग आतले ओले पीठ खाली वाहून दुसरी बाजू धरते, असे तीन-चार वेळा करत पूर्ण चेंडू तयार होतो. आपण अप्पा एकदाच उलटतो, त्यामुळे मध्ये कंगोरा राहतो. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकाच वेळी दोन भांडी सांभाळत होत्या आणि सासूबाईंनी त्यांच्याकडून सुई हातात घेऊन ते वळण शिकून घेतले. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती.

पश्चिमवारा :

टायलरमधून पुढे गेलेल्या माणसांविषयीही लिहावे अशी विनंती. मिनेसोटातल्याच आस्कोव्ह गावाचा संबंध टायलरशी आहे असे ऐकले होते.

उत्तररंग :

होय, आणि तो संबंध यालमार पीटरसन यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८९० साली डेन्मार्कमध्ये झाला, पण बालपण टायलरमध्ये गेले. शाळा लवकर सोडून ते तिथल्याच वृत्तपत्राच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, जुळवू लागले. त्याच सुमारास मिनेसोटाच्या पूर्व भागात, १८९४ च्या हिंक्लीच्या भीषण वणव्यात होरपळलेल्या प्रदेशात, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवरच्या पार्ट्रिज नावाच्या ठाण्यावर आणखी एक डॅनिश वसाहत उभी राहत होती. ती 'डॅन्स्क फोल्केसामफुंड' या संस्थेने १९०६ पासून वसवली. ही संस्था ग्रुंटविग यांचे पुत्र फ्रेडरिक लांगे ग्रुंटविग यांनी १८८७ मध्ये स्थापन केली होती. डेन्मार्कमधल्या नामांकित लोकशाळेवरून ठाण्याचे नाव बदलून आस्कोव्ह ठेवण्यात आले. जळक्या खोडांच्या त्या जमिनीत गव्हापेक्षा रुटाबागा हे सलगमच्या जातीचे कंदमूळ चांगले येई, आणि त्याच्या वाघिणी भरभरून आस्कोव्हहून रवाना होत.

पीटरसन यांनी १९१४ साली तिथे 'आस्कोव्ह अमेरिकन' हे साप्ताहिक काढले. पुढे ते विधिमंडळात गेले आणि १९३३ च्या प्राप्तिकर कायद्याचा पैसा शाळांकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांचे ऑगस्ट १९३६ मध्ये निधन झाले तेव्हा उपगव्हर्नर असलेले पीटरसन राज्याचे गव्हर्नर झाले आणि जानेवारी १९३७ पर्यंत त्या पदावर राहिले.

गव्हर्नरपद त्यांच्याकडे चारच महिने होते. त्यानंतर त्यांनी अनेक वर्षे काम केले ते मिनेसोटाच्या रेल्वे व गोदाम आयोगावर. मालवाहतुकीचे दर आणि एलेव्हेटरवर होणारी धान्याची तोलाई, प्रतवारी, यांवर देखरेख करणारे हे मंडळ. शेतकऱ्याच्या गाडीतला गहू तराजूवर खरा किती भरला, हे पाहणे त्याचे काम. टायलरच्या रुळांवरून आजही धान्याच्या मालगाड्या जातात. १९८६ पासून तो मार्ग शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नकडे राहिलेला नाही, मालक दोन-तीनदा बदलले आहेत, आणि आम्ही मुक्कामाला असलो की पहाटे एलेव्हेटरपाशी वाघिणी जोडल्याचा आवाज डानेबोदपर्यंत ऐकू येतो.